श्राव्यातीत ध्वनी आणि मृत्खनिजे : कामोठ्याच्या खाडीमातीच्या अनुषंगाने

पनवेल तालुक्यातील कामोठे हे मुळात खाडीकाठचे गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पुढे नव्या मुंबईच्या आखणीत या परिसरातील सखल जमिनीवर भराव पडून तेथे वसाहत उभी राहिली. खाडीलगतच्या अशा भरावाखाली जी माती असते ती भरती-ओहोटीने आणून बसविलेली, करड्या रंगाची, मऊ व खारट चिकणमाती होय. स्थापत्य अभियंत्याच्या लेखी ही माती म्हणजे एक अडचणच. भार पडला की ती सावकाश पाणी सोडीत वर्षानुवर्षे दबत राहते. परंतु खनिजशास्त्राच्या दृष्टीने पाहिले असता, कागद, रंग, प्लास्टिक, ओतकाम इत्यादी उद्योग जी खनिजे मोल देऊन घेतात त्यांचीच भावंडे या चिखलात आढळतात. अशा खनिजांचे कण श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने सुटे व पातळ करण्याची एक पद्धती गेल्या काही दशकांत पुढे आली आहे. तिचे स्वरूप काय आणि खाडीच्या मातीला ती कितपत लागू पडेल, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडे. 'श्राव्यातीत' आणि 'स्वनातीत' या दोन संज्ञांची गल्लत पुष्कळदा होते. माणसाच्या कानाला साधारणतः सेकंदास २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडचा तो श्राव्यातीत. स्वनातीत हे विशेषण ध्वनीचे नसून ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानादी वस्तूंचे आहे. 'चिकणमाती' हा शब्द मात्र याहून अधिक फसवा आहे. कुंभार बोटांना जाणवणाऱ्या चिकटपणावरून ती ओळखतो. मृदाशास्त्रज्ञ २ मायक्रॉनांहून लहान असलेल्या कोणत्याही कणाला चिकणमातीचा कण म्हणतो. खनिजशास्त्रज्ञ आकाराकडे न पाहता स्फटिकाची पत्रीदार रचना पाहतो. गारगोटी दळून तिचे अतिसूक्ष्म पीठ केले तर ते दुसऱ्या अर्थी चिकणमाती ठरेल, तिसऱ्या अर्थी मुळीच नाही. हे अंतर केवळ शब्दाचे नाही. कणाचा आकार बदलावयाचा, पण खनिजाची जात बदलू द्यावयाची नाही, हीच उद्योगाची खरी गरज असते.

मृत्खनिजाचा कण म्हणजे पत्र्यांची चळत. केओलिनाइटमध्ये, म्हणजे चिनी मातीच्या मुख्य खनिजात, एकेक पत्रा सुमारे ०.७ नॅनोमीटर जाडीचा असून तो शेजारच्या पत्र्याला हायड्रोजन-बंधांनी धरून असतो. माँटमोरिलोनाइटमध्ये पत्रा सुमारे १ नॅनोमीटरचा. दोन पत्र्यांच्या फटीत सोडियम वा कॅल्शियमचे आयन आणि पाणी शिरते, म्हणून ते फुगते. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडणाऱ्या भेगा या फुगण्या-आकसण्याच्याच खुणा होत. अशी चळत बारीक करण्याचा जुना मार्ग कोरड्या दळणाचा. दळणात कण लहान होतात खरे, परंतु आघात पत्र्यांवर आडवेतिडवे पडतात. दळण लांबले की स्फटिकाची घडण मोडते आणि शेवटी आकारहीन चूर्ण हाती येते. पुस्तकाची पाने सुटी करण्यासाठी ते जात्यात घालावे, तसा हा प्रकार!

ध्वनी हे काम कसे करतो, हे प्रथमदर्शनी कोडेच वाटते. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे १,५०० मीटर; तेव्हा २० किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साडेसात सेंटिमीटर भरते. चार बोटे रुंदीची लाट मायक्रॉनभर कणाला थेट चिरू शकत नाही. काम होते ते बुडबुड्यांच्या मध्यस्थीने. लाटेच्या विरळ टप्प्यात पाण्यावर ताण येऊन सूक्ष्म बुडबुडे उमलतात, काही आवर्तनांत वाढतात आणि दाट टप्प्यात एकाएकी मिटतात. २० किलोहर्ट्झला अशा बुडबुड्याची अनुनादी त्रिज्या मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास असते. असा बुडबुडा मिटताना किती प्रचंड दाब निर्माण होतो याचे गणित लॉर्ड रॅली यांनी १९१७ सालीच मांडले होते. आतील वायूचे तापमान क्षणमात्र काही हजार अंशांवर जाते. मोठ्या पृष्ठभागाजवळ बुडबुडा मिटला तर पाण्याची बारीक चिळकांडी त्यावर आदळते. मातीचे कण मात्र बुडबुड्याहून कितीतरी लहान. तेथे चिळकांडीपेक्षा धक्कालहरीच अधिक कामास येतात. त्यांनी कण एकमेकांवर फेकले जातात, घासतात, आणि चळतीतील सर्वांत दुबळी जागा, म्हणजे दोन पत्र्यांमधील फट, आधी उघडते.

स्पेनमधील फ्रँको, पेरेझ-माकेदा आणि पेरेझ-रॉद्रिगेझ यांनी सुघटित केओलिनाइटवर केलेले प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाले. ध्वनीच्या माऱ्याने चळती पातळ झाल्या, कणांची लांबी-रुंदीही घटली, पृष्ठफळ वाढले. आणि तरीही स्फटिकरचना दळणातल्यासारखी नष्ट झाली नाही. जात राखून आकार बदलण्याची अट येथे बऱ्याच अंशी पुरी होते.

महाराष्ट्रात याचा पहिला विचार सिंधुदुर्गातील चिनी मातीच्या संदर्भात सुचतो. कोकणात जांभ्याच्या सान्निध्यात सापडणाऱ्या या मातीला लोहाच्या ऑक्साइडाचा पिवळा-तांबूस डाग असतो, आणि कागदाच्या वा चिनी भांड्यांच्या धंद्यात शुभ्रतेवरच भाव ठरतो. कणावरील लोहाचे पुट ध्वनीने खरवडून निघते. जोडीला ऑक्झॅलिक आम्ल वापरल्यास लोह विरघळण्याची क्रिया वेग घेते. माँटमोरिलोनाइटचा उपयोग निराळा. टोयोटा कंपनीच्या जपानी संशोधकांनी १९८० च्या दशकात या खनिजाचे सुटे पत्रे नायलॉनमध्ये पसरवून, अत्यल्प मातीने प्लास्टिकची ताकद व उष्णतासहनशक्ती वाढविता येते, असे दाखविले. पत्रे जितके सुटे, तितका परिणाम अधिक. म्हणून ध्वनीला येथे खरे महत्त्व.

आता खर्चाचा प्रश्न, ज्याकडे उत्साही लेखनात सहसा काणाडोळा केला जातो. समजा, ५०० वॉटचे यंत्र १० मिनिटे चालवून १० ग्रॅम माती सुटी केली. विजेचा हिशेब किलोमागे सुमारे ८.३ युनिट, म्हणजे टनामागे ८,३०० युनिट होतो. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घराला ती वीज जवळजवळ साडेतीन वर्षे पुरेल. वाहत्या प्रवाहावर व दाट मिश्रणावर काम केल्यास हा आकडा पुष्कळ खाली येतो. परंतु मिश्रण फार दाट झाले की ते चिकट बनते, बुडबुडे मिटण्याचा जोर मंदावतो आणि परिणाम यंत्राच्या टोकाजवळच कोंडला जातो. शिवाय टायटॅनियमचे ते टोकही झिजते व त्याची कणी मालात उतरते. ओतकामाच्या वाळूत बांधणीसाठी घालावयाच्या बेंटोनाइटला हा खर्च झेपणारा नाही. महाग प्लास्टिकात शेकडा दोन-चार भाग घालावयाच्या मातीला तो झेपू शकतो.

कामोठ्याच्या मातीपाशी आले असता आणखी एक अडसर उभा राहतो, तो मिठाचा. दख्खनच्या काळ्या खडकाची झीज होऊन आलेल्या गाळात माँटमोरिलोनाइटच्या गटातील खनिजे विपुल असतात. तेव्हा कच्च्या मालाचे कूळ वाईट नाही. परंतु समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. गोड्या पाण्यात मातीचे ऋणभारित कण एकमेकांना दूर लोटतात. खाऱ्या पाण्यात हे लोटणे दबते आणि कण गुठळ्या करून खाली बसतात. खाडीत गाळ साचतो तो काही अंशी यामुळेच. अशा चिखलावर ध्वनी सोडला तर गुठळ्या फुटतील, पण यंत्र थांबताच पुन्हा जुळू लागतील. म्हणून आधी माती गोड्या पाण्याने वारंवार धुणे, वाळू व शिंपल्यांचा चुरा वेगळा काढणे, सेंद्रिय द्रव्य घालविणे आणि मगच ध्वनी, हा क्रम चुकवून चालणार नाही. त्यातही धुण्यास लागणारे गोडे पाणी ही किरकोळ बाब नव्हे. विजेच्या हिशेबाशेजारी त्याचाही हिशेब मांडावा लागेल.

अशा मातीची तपासणी करण्यासाठी तरी ध्वनीची पद्धती आजच उपयोगी आहे. एडवर्ड्स व ब्रेमनर यांनी १९६७ साली रासायनिक द्रव्यांवाचून केवळ कंपनांनी मृदेचे कण सुटे करण्याची रीत मांडली. एखाद्या चिखलात खरोखर २ मायक्रॉनांखालील कण किती आणि नुसत्या गुठळ्या किती, याचा निवाडा तिने करता येतो. एक पथ्य मात्र पाळावे लागते: यंत्रावर लिहिलेले वॉट प्रमाण न मानता, ठरावीक पाण्याचे तापमान ठरावीक वेळात किती चढले यावरून मिश्रणात प्रत्यक्ष उतरलेली ऊर्जा मोजावयाची. तसे न केल्यास एका प्रयोगशाळेचे आकडे दुसरीच्या आकड्यांशी ताडून पाहता येत नाहीत.