स्वभाव सांगणारी क्विझ नेमकं काय मोजते?

इथे औशात माझ्या ओळखीतली बरीच पोरं व्हॉट्सअॅप स्टेटसला पर्सनॅलिटी टेस्टचा निकाल लावतात. ‘मी 72 टक्के इंट्रोव्हर्ट’ वगैरे. हा आकडा येतो कुठून?

मानसशास्त्रात जास्त वापरली जाते ती ‘बिग फाइव्ह’ पद्धत. पाच पैलू: बहिर्मुखता, मिळतंजुळतं घेणं, शिस्त, मनाचं स्थैर्य आणि नव्याची ओढ. प्रत्येक वाक्याला 1 ते 5 मार्क द्यायचे. ‘मला चारचौघांत बोलायला आवडतं’ आणि ‘अनोळखी लोकांत मी गप्पच असतो’ ही दोन्ही वाक्यं एकच पैलू मोजतात, म्हणून दुसऱ्याचे मार्क उलटे धरतात. तुम्ही 5 दिले तर मोजताना 1. डोळे झाकून सगळीकडे ‘हो’ दाबलं तर निकाल मधेच कुठेतरी येतो. मला ही युक्ती फार आवडते!

नुसत्या बेरजेला मात्र अर्थ नाही. ती इतरांच्या मार्कांशी ताडावी लागते. ते ‘इतर’ अमेरिकेतले कॉलेजकुमार असतील, तर औशातल्या पोराची तुलना त्यांच्याशीच होणार.

आणि क्विझने कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागितली तर सरळ ‘नाही’ दाबा. फेसबुकवरच्या ‘धिस इज युवर डिजिटल लाइफ’ या स्वभावचाचणीच्या अॅपमधला डेटा केंब्रिज अॅनालिटिकाकडे गेला होता. 2018 मध्ये फेसबुकनेच सांगितलं, की भारतात ते अॅप फक्त 335 जणांनी घेतलं, पण माहिती गेली असावी सुमारे 5 लाख 62 हजार जणांची. बाकीचे सगळे अॅप घेणाऱ्या कुणाच्या तरी फ्रेंडलिस्टमध्ये होते. त्यांनी एकही प्रश्न सोडवला नव्हता.