अपस्मार, औषध आणि बालकाचें मन

वर्गांत एखादा मुलगा क्षुल्लक कारणावरून पुस्तक फेंकून देतो, अथवा प्रश्न विचारला असतां नुसता पाहत राहतो. आणि आपण लागलीच त्यास उद्धट किंवा मंद ठरवितों. परंतु तो मुलगा अपस्मारासाठीं औषध घेत असेल, तर हा निवाडा अन्यायाचा होण्याचा संभव आहे. तो कसा, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

अपस्मार, ज्यास लोक फेफरें म्हणतात, हा मेंदूचा विकार होय. मेंदूंतील पेशींचा परस्परव्यवहार सूक्ष्म विद्युत्प्रवाहानें चालतो. तो अनावर झाला म्हणजे झटका येतो. औषधें ही उत्तेजितता आवरतात. पण अवधान, स्मृति व भावना यांचें स्थानहि मेंदूच असल्यामुळें औषधाचा परिणाम झटक्यापुरताच राहील असा नेम नाहीं.

१८५७ सालीं सर चार्ल्स लोकॉक यांनीं लंडन येथें ब्रोमाइडचा गुण जाहीर केला. त्यानें झटके कमी होत, पण रोगी सुस्त होई. १९१२ सालीं जर्मनींत आल्फ्रेड हाउप्टमान यांनीं फिनोबार्बिटलचा उपयोग दाखविला. हें स्वस्त औषध अद्यापि अनेक देशांत दिलें जातें. मोठ्या माणसांस त्यानें गुंगी येते. कित्येक मुलें मात्र उलट चंचल व चिडखोर होतात. १९३८ सालीं बॉस्टन येथें मेरिट व पटनम यांनीं फेनिटॉइन पुढें आणलें, आणि गुंगी न आणतांहि झटके थांबवितां येतात हें सिद्ध झालें. तथापि अलीकडील औषधेंहि सर्वस्वी निर्दोष नाहींत. लेव्हेटिरासेटमनें कांहीं मुलें रागीट किंवा रडवेलीं होतात. टोपिरामेटनें कांहींना बोलतांना शब्द आठवत नाहीं. याच्या उलट, झटके थांबल्यामुळें पुष्कळ मुलें पूर्वीपेक्षां आनंदी व तरतरीत झालेलीं दिसतात.

मग वर्तन बिघडलें कीं दोष औषधाचाच काय? तसेंहि नव्हे. मूळ विकार, पुन्हा झटका येईल ही भीति व सोबत्यांची थट्टा हींहि कारणें असतात. म्हणून पालकांनीं बदल केव्हां दिसूं लागला, औषध सुरू केल्यावर कीं मात्रा वाढविल्यावर, हें टिपून डॉक्टरांस सांगावें. ते मात्रा कमी करतील अथवा औषध बदलतील. मात्र आपल्या मतानें औषध एकाएकीं बंद करूं नये. तसें केल्यास झटक्यांमागून झटके येऊन प्राणावर बेतूं शकतें. मूल अतिशय उदास दिसूं लागलें किंवा जगणें नकोसें झाल्याचें बोललें, तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें.

आमच्या विद्यार्थिमित्रांस एवढेंच सांगणें आहे कीं, असा सोबती रागावला तर त्यास डिवचूं नका. त्याच्याजवळ बसा आणि शिक्षकांस कळवा. झटका थांबविणें हें औषधाचें काम आहे; त्या मुलास एकटें पडूं न देणें हें आपलें आहे.