गाडीतला सबवूफर: वॅट वाढवताना कानाचाही हिशेब करा

नवी गाडी आली की अनेक तरुण आधी डिकीत सबवूफर बसवून घेतात. दुकानातल्या खोक्यावर '१००० वॅट', '२००० वॅट' असे मोठे आकडे असतात आणि खरेदी त्यावरच ठरते. प्रत्यक्षात हे आकडे बहुधा क्षणभराच्या कमाल शक्तीचे, म्हणजे 'पीक'चे असतात. सबवूफर सतत किती शक्ती पेलेल, हे 'आरएमएस' वॅटवरून कळते. जोडी जमवताना तोच आकडा पाहावा.

नियम सोपा आहे. सबवूफर ३०० वॅट आरएमएस आणि ४ ओहमचा असेल, तर ॲम्प्लिफायरही ४ ओहमला साधारण ३०० वॅट आरएमएस देणारा हवा. ४ ओहमचे दोन सबवूफर समांतर जोडले, तर एकूण रोध २ ओहम होतो आणि ॲम्प्लिफायरमधून जास्त प्रवाह ओढला जातो. त्याची क्षमता ४ ओहमपर्यंतचीच असेल, तर तो तापतो आणि बंद पडतो. अशा वेळी तारा जाड असणे आणि बॅटरीजवळ योग्य फ्यूज असणे ही चैन नव्हे. १२ व्होल्टवर ५०० वॅट मिळवायचे, तर सुमारे ५० अँपिअर प्रवाह लागतो. बारीक तार एवढ्या प्रवाहाने तापून आग लागू शकते.

ॲम्प्लिफायर कमी ताकदीचा घेतला की सबवूफर सुरक्षित राहतो, हा गैरसमज आहे. आवाज पुरत नाही म्हणून 'गेन' पिळला जातो, ध्वनिलहरींचे शेंडे छाटले जातात आणि आवाज फाटतो. याला 'क्लिपिंग' म्हणतात. त्यात सबवूफरची कॉइल जळू शकते. गेन ही आवाजाची कळ नाही. आवाज फाटू लागण्याआधीच ती थांबवावी.

आता कानाकडे वळू. ३०० वॅटचे ६०० वॅट केले, तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला हा फरक जेमतेम कळतो. आवाज 'दुप्पट' वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. मात्र कानापर्यंत पोहोचणारी ध्वनिऊर्जा त्या ३ डेसिबलनेच दुप्पट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ९५ डेसिबलला ती उरते आठवड्याला सव्वा तास! रोजच्या येण्याजाण्यात ती दोन दिवसांत संपू शकते.

मुळात आपला कान खर्जाच्या स्वरांना कमी संवेदनशील असतो, त्यामुळे आवाज वाढवत नेण्याचा मोह होतो. तेवढ्याच डेसिबलचे मधले आणि वरचे स्वर कानाला जास्त घातक असतात हे खरे. पण बेसशी बरोबरी साधायला बाकीचे संगीतही वाढवले जाते आणि बंद काचांच्या गाडीत आवाजाला बाहेर वाट नसते. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा तयार होत नाहीत. शिवाय सबवूफर मागच्या सीटच्या पाठीशी असतो आणि तिथे बहुधा लहान मुले बसतात.

धोका कानापुरताच नाही. २००४ मध्ये 'थोरॅक्स' या वैद्यकीय नियतकालिकात मोठ्या संगीताशी संबंधित फुप्फुसातून हवा गळण्याच्या मोजक्या घटना नोंदवल्या गेल्या. त्यांतला एक रुग्ण १००० वॅटच्या बास बॉक्सची गाडी चालवत होता. असे फार क्वचित घडते, म्हणून घाबरू नये. मात्र छातीत एकाएकी दुखून धाप लागली, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

गाडीतून उतरल्यावर कानात शिट्टी वाजणे किंवा कापूस घातल्यासारखे वाटणे, ही कानाने दिलेली पहिली सूचना होय. दुसऱ्या दिवशीही ती राहिली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी जावे. उशीर झाल्यास उपचारांचा उपयोग कमी होतो. शेजारच्याशी ओरडून बोलावे लागत असेल किंवा मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येत नसेल, तर आवाज नक्कीच जास्त आहे. ॲम्प्लिफायर बदलता येतो, जळलेला सबवूफरही नवा आणता येतो. कानाचे तसे नाही.