बाटलीबंद चहाची पारख

सांगलीचा वैशाख ज्यांनी अनुभवला आहे, त्यांस दुपारी तीनच्या सुमारास गावभागातील जुन्या घरात काय अवस्था असते हे सांगावयास नको. कृष्णेचे पात्र आटलेले असते, गच्चीवर पाऊल ठेवता येत नाही, आणि चहाचे आधण ठेवण्यास घरातील एकही सून आपण होऊन उठत नाही. अशा दिवसांत आमच्या धाकट्या दिरांचे चिरंजीव कॉलेजातून येताना विश्रामबागेतील एका दुकानातून थंडगार चहाच्या तयार बाटल्या आणू लागले, तेव्हा कोणीही हरकत घेतली नाही. उलट, पातेली पडत नाहीत, गाळणे धुवावे लागत नाही, दूध नासण्याची धास्ती नाही, म्हणून आम्ही साऱ्या जावा मनातून सुखावलोच होतो.

आमच्या मामंजींस बारा वर्षांपासून मधुमेह आहे. एकोणऐंशी वर्षांचे वय, आयुष्य शिकवण्यात गेलेले, त्यामुळे पथ्य म्हणजे पथ्य. बिनसाखरेचा चहा ते दोन वेळा घेतात, परंतु काढा घेणाऱ्याच्या मुद्रेने. नातवाने त्यांच्यापुढे ‘हिरवा चहा’ असे लिहिलेली, बाहेर दोन कोवळी पाने काढलेली बाटली ठेवली आणि सांगितले, “आजोबा, हा प्रकृतीला चांगला असतो.” हेतूत काडीचेही खोट नव्हते. मामंजींस तो आवडला, आणि फाल्गुनापासून रोज दुपारी एक बाटली हा क्रम सुरू झाला.

वैशाखात त्यांची तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी झाली, तेव्हा आकडा असा चढलेला निघाला की डॉक्टरांनी खाण्यापिण्याची यादी लिहून मागितली. आम्ही ती प्रामाणिकपणे केली. गणपतीच्या प्रसादाचा पेढा त्यात आला, शेजारच्या मुंजीतला अर्धा लाडू आला, सासूबाईंनी डोळा चुकवून दिलेला आंब्याचा फोडीएवढा तुकडाही आला. बाटली मात्र कोणाच्याच ध्यानी आली नाही, कारण तो तर चहा! अखेर सासूबाईंनीच रिकामी बाटली आणि मामंजींचे भिंग घेऊन खिडकीपाशी बैठक मारली, आणि पाठीमागील बारीक अक्षरे मोठ्याने वाचावयास प्रारंभ केला. पहिला शब्द ‘पाणी’ होता. दुसरा ‘साखर’.

चहावरून घरात पंचायत बसण्याचा प्रसंग आपल्या समाजास नवीन नाही. १८९०च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानास जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. रानडे आणि टिळक दोघेही त्या मंडळींत होते. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हाती धरून बाजूस ठेवला. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, आणि दोन वर्षे चाललेल्या त्या ग्रामण्याचा शेवट प्रायश्चित्तांत झाला. या साऱ्या गदारोळात एक प्रश्न कोणीही विचारल्याचे वाचनात नाही: त्या चहात काय होते? प्रश्न एवढाच होता की तो कोणाच्या हातचा.

तो प्रश्न आमच्या घराने कधीच सोडला. २०१९च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेले आणि आम्हांस नेसत्या वस्त्रांनिशी घर सोडावे लागले, तेव्हा ज्या अनोळखी माणसाने पहाटे आमच्या आत्तेसासूबाईंच्या हातात कागदी पेल्यातून कढत चहा दिला, त्याचे नावही त्यांनी विचारले नाही. आणि त्या तर आयुष्यभर सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या! परंतु बाटलीचा प्रकार त्याहून निराळा. तिच्यामागे हातच दिसत नाही. जो दिसत नाही त्याचे काम लेबलास करावे लागते, आणि लेबल तर भिंगावाचून वाचता येत नाही.

म्हणून एका रविवारी आम्ही रीतसर पारख करावयाचे ठरविले. प्रश्न दोन: हे पेय चवीला चहा आहे काय, आणि आत नेमके काय आहे? चहा चाखणाऱ्या तज्ज्ञांची एक ठरीव पद्धत असते. १९८० साली तिचे आंतरराष्ट्रीय मानकही ठरले. दर १०० मिलिलिटर उकळत्या पाण्यास दोन ग्रॅम पत्ती, आणि सहा मिनिटे मुरविणे. मग चमचाभर चहा मोठ्याने भुरका मारून तोंडभर फिरवावयाचा व थुंकून टाकावयाचा. थुंकण्याची कल्पना आमच्या घरात मान्य होण्यासारखी नव्हती. भुरका मारण्यास मात्र मुलांनी तत्काळ संमती दिली. बाटल्यांवर वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून त्यांस आकडे दिले. कारखान्यांची नावे येथे मुद्दामच देत नाही. एका घराची जीभ म्हणजे न्यायासन नव्हे.

पहिली बाटली लिंबाच्या चहाची, दुसरी पीच नावाच्या फळाच्या वासाची, तिसरी मध व लिंबू घातलेल्या हिरव्या चहाची, म्हणजे मामंजींची. चौथी भाचीने सिंगापुराहून आणलेली, दुधाच्या चहाची. पाचवी पुण्यात मिळालेला जपानी हिरवा चहा, साखर मुळीच नसलेला. सहावी बाटली आमच्याच घरची होती. तिच्याविषयी पुढे लिहिते.

लिंबाचा चहा सर्वांनी न कुरकुरता संपविला. थोरल्या जाऊबाईंचे मत पडले की हे लिमलेटच्या गोळीचे पाणी आहे आणि ते चांगले आहे, मात्र त्यास चहा का म्हणावयाचे? माझेही मत तेच. गिळल्यावर जिभेच्या कडांवर जो किंचित तुरटपणा रेंगाळावयास हवा, तो नावालाच होता. पीचचा चहा नऊ वर्षांच्या नातीने पहिल्या क्रमांकाचा ठरविला; आत्तेसासूबाईंना त्यात अत्तराच्या फायाचा वास आला आणि त्यांनी पेला पालथा ठेवला. दुधाच्या चहाविषयी सासूबाई म्हणाल्या, “आपल्याकडचा बासुंदी चहा निवला की असा लागतो, पण तो निवेपर्यंत थांबतो कोण?” चौथी बाटली वाईट नव्हती, फार जड होती. एका पेल्यानंतर पाणी प्यावेसे वाटले.

जपानी चहाने मात्र पंगत फुटली. पहिल्याच घोटास “पालक उकडलेले पाणी!” असा उद्गार निघाला आणि तो सर्वांनी उचलून धरला. मामंजी तेवढे काही बोलले नाहीत. त्यांनी पेला सावकाश संपविला, आणि अर्ध्या तासाने, तोंड स्वच्छ झाल्यासारखे वाटते, आणखी थोडा आहे काय, अशी चौकशी केली.

यानंतर केलेला एक प्रयोग मी प्रत्येक घरास सुचवीन. उरलेले पेले आम्ही तासभर तसेच ठेवले आणि थंडावा गेल्यावर पुन्हा चाखले. थंडीने जिभेची गोडी ओळखण्याची शक्ती मंदावते हे मी वाचले होते, पण एवढा फरक पडेल असे वाटले नव्हते. लिंबाचा चहा कोमट होताच पाकासारखा लागू लागला. पीचचा चहा नातीनेही खाली ठेवला. मामंजींनी आपल्या नेहमीच्या चहाचा एक घोट घेतला, थोडा वेळ पेल्याकडे पाहिले आणि नुसते “हं” म्हणाले.

आता आतल्या मजकुराकडे वळू. आपल्या देशात वेष्टनावरील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे जे अधिक ते आधी. आमच्या पहिल्या तिन्ही बाटल्यांत पाण्यामागून साखर, मग आंबटपणा राखणारी द्रव्ये, आणि चहाचा अर्क त्याही मागून, एकीत तर शेकडा पंधरा शतांश एवढाच. येथे अन्याय होऊ नये म्हणून सांगते की हा वाळविलेला अर्क असतो, पत्ती नव्हे. पत्तीच्या वजनापैकी सुमारे तिसरा हिस्साच पाण्यात उतरतो. तसा हिशेब धरला तरी अडीच ग्रॅम पत्तीच्या घरच्या कपाशी ताडून पाहता बाटलीतला चहा चतुर्थांशाच्या जवळपास पडतो. कमी चहा घालण्यात केवळ काटकसर आहे असेही नाही. कडक चहा थंड झाला की गढूळतो. त्यातील तुरट द्रव्ये आणि कॅफिन एकमेकांस धरून बसतात आणि साय आल्यासारखा साका दिसतो. तो निरुपद्रवी आहे, कढत पाणी घातले की नाहीसा होतो. परंतु दुकानातील गिऱ्हाईक गढूळ बाटली उचलीत नाही. जेथे चहा पातळ, तेथे ही अडचणही कमी.

मामंजींच्या बाटलीवर दर १०० मिलिलिटरास साडेसहा ग्रॅम साखर लिहिली होती. बाटली ३५० मिलिलिटरांची. गुणाकार मामंजींनी स्वतःच केला, कागद न घेता: पावणेतेवीस ग्रॅम, म्हणजे साडेपाच लहान चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली प्रौढ माणसाने वरून घेतलेली साखर शक्यतो दिवसास पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवावी असे सुचविले; आणि ते निरोगी माणसासाठी. ज्या माणसाने बारा वर्षे कपातील एक चमचा साखर सोडली, त्याच्या पोटात आम्ही प्रकृतीसाठी म्हणून रोज साडेपाच चमचे घातले! नातू हिरमुसून उठला. मामंजींनी त्यास परत बसविले आणि म्हणाले, “आकडे छापलेले होते. मी गणित शिकवीत असे. मीही वाचले नाहीत.”

‘बिनसाखर’ लिहिलेल्या बाटल्याही बाजारात असतात. त्यांतील काही गोड लागतात, कारण साखरेच्या जागी सुक्रालोजसारखे द्रव्य घातलेले असते. अशी बाटली मधुमेह्याने घ्यावी की नाही हे डॉक्टरांनी सांगावे. ‘बिनसाखर’ आणि ‘बिनगोड’ हे दोन निराळे शब्द आहेत, एवढेच येथे नोंदविते.

थंड चहाचा आपल्या देशाशी असलेला संबंध जुना आणि काहीसा गमतीचा आहे. १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईसच्या प्रदर्शनात हिंदी चहाचा प्रचार करण्यास रिचर्ड ब्लेचिंडेन नावाचे गृहस्थ गेले होते. उन्हाळ्यात त्यांच्या कढत चहाकडे कोणी फिरकेना, म्हणून त्यांनी त्यात बर्फ टाकला आणि थंड चहाचा जन्म झाला, अशी आख्यायिका सर्वत्र सांगतात. वास्तविक त्याच्या वीसपंचवीस वर्षे आधीच्या अमेरिकन पाकपुस्तकांत ही कृती छापलेली आहे. ब्लेचिंडेन यांनी ती गाजविली, इतकेच. बंद डब्यातील बिनसाखरेचा चहा मात्र जपानचा. तेथील इतो एन या मंडळीने १९८१ साली उलाँग चहा डब्यात भरला, १९८५ साली हिरवा चहा, आणि १९९० साली तो प्लास्टिकच्या बाटलीत आणला. हिरव्या चहास हवेतील प्राणवायू लागला की तो तपकिरी पडतो, म्हणून डब्यातील हवा नायट्रोजन वायूने हुसकून लावण्याची युक्ती त्यांस काढावी लागली. एवढा खटाटोप केवळ पाणी आणि पान यांच्यासाठी! आमच्या पाचव्या बाटलीवरील घटकांची यादीही तशीच तोकडी होती: पाणी, हिरवा चहा, आणि रंगचव टिकावी म्हणून क जीवनसत्त्व.

सहाव्या बाटलीची कृती वाचकभगिनींस हवी असेल. एक लिटर गार पिण्याच्या पाण्यात दहा ग्रॅम चांगली मोठ्या पत्तीची चहा घालावी. बारीक भुकटी घेऊ नये, ती गाळता गाळता जीव जातो. दोन पाती गवती चहा चिरून टाकावा. झाकण लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे आणि सकाळी फडक्याने गाळावे. आधण नसल्यामुळे तुरटपणा कमी उतरतो, आणि त्यामुळे हा चहा गढूळत नाही, साखरेची वासनाही फारशी राहत नाही. पिताना लिंबू पिळले तर रंग एकदम उजळतो; मुलांस ती जादू वाटते. एक दिवसाहून अधिक ठेवू नये. उकळी न आल्यामुळे पाणी आणि भांडे दोन्ही स्वच्छ असणे अगत्याचे आहे.

पारखीत या बाटलीचा तिसरा क्रमांक आला हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पहिल्या क्रमांकावर लिंबाचा चहा, दुसऱ्यावर दुधाचा. नातीने आमच्या चहास शेवटून पहिला ठरविला आणि अद्याप मत बदललेले नाही.

घरात आता लिंबाची बाटली महिन्यातून एखादे वेळी येते, सरबताच्या जागी, आणि सरबत म्हणूनच वाटली जाते. मामंजींसाठी रात्री चहा भिजत घालण्याचे काम नातवाने आपण होऊन अंगावर घेतले आहे. दोनदा विसरला, तेव्हा मामंजींनी जेवणानंतर स्वतःच पत्ती मोजून घातली. पुढील तपासणी श्रावणात आहे.