प्रवेशाची शक्यता कशी अजमावावी?

केदारखेड्यासारख्या गांवांतील एखाद्या हुशार मुलानें आय.आय.टी.चें नांव काढलें, कीं घरांत पहिला प्रश्न उठतो, “जमेल का?” भावनेपेक्षां आंकडे येथें अधिक विश्वसनीय होत.

२०२४ सालीं जे.ई.ई. ॲडव्हान्स्ड परीक्षेस सुमारें १ लक्ष ८० हजार विद्यार्थी बसले. ४८,२४८ पात्र ठरले. तेवीस संस्थांतील जागा मात्र १७,७४०. पात्रता आणि प्रवेश ह्या भिन्न गोष्टी आहेत, हें यावरून श्रोत्यांच्या ध्यानांत येईल.

तथापि ‘दहांत एक’ हें प्रमाण समुदायाचें. एका मुलाचें नव्हे. त्याची शक्यता गुणानुक्रमांकावर ठरते. प्रत्येक संस्था, शाखा व प्रवर्ग यांत शेवटची जागा कोणत्या क्रमांकास मिळाली, हें दरवर्षीं प्रसिद्ध होतें. त्या वर्षीं मुंबईच्या संगणकशास्त्र शाखेंतील खुल्या प्रवर्गाच्या सर्वसाधारण जागा पहिल्या शंभर क्रमांकांतच संपल्या. इतर कांहीं शाखांत त्या कित्येक हजारांपर्यंत उतरल्या. मागील दोन-तीन वर्षांचे असे क्रमांक आणि घड्याळ लावून दिलेल्या सराव-परीक्षांतील मुलाचें स्थान यांचा मेळ घालून पाहावा.

ही परीक्षा लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदांच देतां येते. म्हणून हा हिशेब शिकवणीसाठीं शेत गहाण टाकण्यापूर्वीं करावा, नंतर नव्हे.