आधी कागद, मग रंगकाम

पन्नाशी उलटलेल्या गाड्यांना कायद्याने वेगळी ओळख दिली ती जुलै २०२१ मध्ये. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, खासगी वापरातली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. जुना नंबर असेल तर तो कायम ठेवता येतो. नव्याने मिळणाऱ्या नंबरात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ येते. पण या सवलतीची मेख अशी, की गाडीचे वय तिच्याकडे पाहून ठरत नाही, नोंदणीच्या तारखेवरून ठरते. देशात आधी नोंदलेल्या गाडीच्या अर्जाला जुने आरसी बुक जोडावे लागते. म्हणून आजोबांची जीप किंवा फियाट पुन्हा उभी करायची असेल, तर पहिला खर्च गॅरेजवर नव्हे, कागदावर व्हायला हवा.

बागलाण तालुक्यातल्या नामपूरसारख्या गावात सातबाऱ्यावर वारसनोंद करायची राहिली तर चार माणसे टोकतात. गाडीच्या बाबतीत मात्र तोच घोळ तीन पिढ्या निमूट चालतो. व्यवहार स्टॅम्प पेपरवर होतो, टीटी म्हणजे मालकीबदलाच्या फॉर्मवर सह्या होतात आणि तो कपाटातच राहतो. गाडी विकल्यावर फॉर्म २९ आणि ३० भरून ती घेणाऱ्याच्या नावावर चढवावी लागते. मूळ मालक वारला असेल तर वारसाने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवून तीन महिन्यांत फॉर्म ३१ द्यायचा असतो. आरसी हरवले असेल तर पोलिसांत तक्रार देऊन दुय्यम प्रतीसाठी फॉर्म २६ भरायचा. नामपूरकरांना यासाठी मालेगावचे परिवहन कार्यालय, म्हणजे एमएच ४१, गाठावे लागते. गाडीची नोंद दुसरीकडची असेल तर तिथली एनओसी आधी.

यावर हमखास येणारा सवाल म्हणजे, गाडी शेडमधून हलतच नाही, मग एवढा खटाटोप कशाला? गाडी शेडमध्येच असली तरी जबाबदारी कागदावरच्या नावाची असते. गाडी हातोहात विकली गेली तरी नोंदीवर ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे विकणाऱ्यालाही कागद तितकाच गरजेचा. दुसरी अडचण यंत्राची. जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवण्याची रीत खेड्यापाड्यांत सर्रास होती. नोंदीवर एक इंजिन नंबर आणि बॉनेटखाली दुसरा, अशी गाडी तपासणीत अडते. शिवाय चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा बदल झाला असेल तर व्हिंटेजचा दावाच कोसळू शकतो. चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिलीने छाप घेतात. गंज काढताना ग्राइंडरने तेच अंक घासले गेले, तर गाडीची ओळखच पुसली जाते. म्हणून डेंटरकडे नेण्याआधी हे नंबर आरसीशी ताडून पाहावेत.

साठ वर्षांपूर्वीचे कागद आता कुठून आणायचे, नियम सैल करा, ही मागणी अगदीच चुकीची नाही. हाताने लिहिलेली जुनी रजिस्टरे शोधून देणे हे कार्यालयांचेही काम आहे. पण पुराव्याशिवाय नाव चढू लागले, तर चोरीच्या आणि दोन गाड्या जोडून केलेल्या गाड्याही सन्मानाने ‘व्हिंटेज’ होतील आणि खऱ्या गाडीची किंमत घटेल. शिवाय व्हिंटेज नोंदणी ही रोज बाजाराला जाण्याची परवानगी नव्हे. रॅली, प्रदर्शन, संशोधन, इंधन आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती गाडी रस्त्यावर येऊ शकते. रोज चालवायची असेल तर साध्या नोंदणीचे पाच-पाच वर्षांचे नूतनीकरणच करावे. मालक हयात असतील तर आजच त्यांच्या सहीने गाडी नावावर करून घ्या, निदान आरसीवर नॉमिनी तरी लावा. नंतर हेच काम सगळ्या वारसांच्या संमतीवर अडते.