शंभर किलोमीटर, पाच तास

मुंबईहून नागपूर हवाई मार्गाने सुमारे 690 किलोमीटर. विमान ते दीड तासात कापतं. गडचिरोली शहर ते त्याच जिल्ह्यातलं भामरागड हे सरळ रेषेतलं अंतर जेमतेम शंभर किलोमीटर. पण चामोर्शी, आष्टी, आलापल्ली असा वळसा घालत एसटी 180च्या आसपास किलोमीटर धावते आणि साडेचार-पाच तास घेते. म्हणजे सरळ रेषेत मोजलं तर भामरागडचा प्रवासी ताशी वीसेक किलोमीटरने पुढे सरकतो. एवढा वेग सायकललाही असतो.

चंद्रपूर-गडचिरोलीचं तसं नाही. मूल, सावलीवरून वैनगंगा ओलांडली की झालं. रस्ता 80 किलोमीटरचा, सरळ रेषाही जवळपास तेवढीच. खरं कोडं दक्षिणेकडे आहे.

26 ऑगस्ट 1982पर्यंत हा सगळा मुलूख एकच जिल्हा होता. आजचे दोन्ही जिल्हे मिळून क्षेत्रफळ भरतं साधारण 25,850 चौरस किलोमीटर, म्हणजे केरळ राज्याच्या दोनतृतीयांश! दक्षिणेकडच्या सिरोंच्याच्या शेतकऱ्याला जिल्हा कचेरीचं काम पडलं की चंद्रपूर गाठावं लागे. विभाजन झालं, तरी एकट्या गडचिरोलीत जवळपास चार गोवे मावतात आणि सिरोंचा आपल्या जिल्हा मुख्यालयापासून दोनशे किलोमीटरवरच राहिला. सरळ रेषेत मोजलं तर सिरोंच्याला नागपूरपेक्षा हैदराबाद पन्नास किलोमीटरने जवळ आहे. मुंबई साडेसातशेवर.

पावसाळ्यात तर किलोमीटरला अर्थच उरत नाही. हेमलकसा हे गाव पर्लकोटा नदीच्या अलीकडे, भामरागड पलीकडे. मध्ये तीन-चार किलोमीटर. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती इथे एकत्र येतात. इंद्रावती फुगली की पर्लकोटेचं पाणी मागे रेटलं जातं आणि पुलावर चढतं. बस अलीकडे थांबते, माणसं पिशव्या डोक्यावर घेऊन काठावर उभी राहतात. पाणी उतरायला कधी एक दिवस लागतो, कधी चार. तेवढ्या वेळात मुंबईचा माणूस न्यूयॉर्कला जाऊन परत येईल. आतल्या पाड्यांवरून बाळंतिणीला खाटेवर घालून नाले ओलांडत रस्त्यापर्यंत आणावं लागतं, आणि पुरात अडकलेल्या रुग्णासाठी हेलिकॉप्टर मागवावं लागतं. तेच शंभर किलोमीटर मग अर्ध्या तासाचे होतात.

एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाड्याला पहिली एसटी पोहोचली ती 1 जानेवारी 2025ला. स्वातंत्र्यानंतर 77 वर्षांनी. हा आकडा मला विमानाच्या कुठल्याही वेगापेक्षा जास्त चक्रावून टाकतो.

रुग्णालय, शाळा, धान्य गोदाम यांचे आराखडे अजून किलोमीटरच्या हिशेबानेच बनतात. नियोजन करणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे: अंतराच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखा, आणि त्यात जुलै महिन्यात लागणारे तास लिहा.